हात लावलाच पाहिजे

काशिनाथनाना नमस्कार करत नसत. दारात कोणीही आलं की ते आधी त्याचा उजवा हात मागत. मनगट धरून तळवा उताणा करत, कोनाड्यातला एखादा दगड त्यावर ठेवत आणि त्या माणसाची बोटं एकेक करून दगडाभोवती मिटवत. मग डोळे बारीक करून बघत राहत. नवखा माणूस बिचारा समजायचा, आता भविष्य सांगणार. नाना सांगायचे ते मागचं, आणि मागचं म्हणजे फारच मागचं. हा गृहस्थ हजारो वर्षांपूर्वी जन्माला आला असता तर त्याचं काय झालं असतं, ते सांगायचे.

माझा हात त्यांनी पहिल्या भेटीतच बाद केला.

"खडू धरणारा हात आहे. मास्तर, तुम्ही चौथ्या दिवशी उपाशी मेला असता."

मी धुळ्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायला लागलो होतो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेऊन नुकताच सामान लावत होतो. लोटाभर पाणी मागायला गेलो, तर हे ऐकून आलो. तेही पाण्याशिवाय. पाणी नंतर त्यांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, आणून दिलं. वर म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. आमच्या जावयाला तर लग्नाच्या मांडवात सांगितलं होतं, तुम्हाला वाघाने खाल्लं असतं म्हणून."

नाना सरकारी बांधकाम खात्यात रस्त्याचे मिस्तरी होते. उभा जन्म खडी, मुरूम आणि रोलर यांच्यात गेला. दुसरी जागतिक लढाई संपली त्याच सुमाराला तेही निवृत्त झाले. पण खडी फोडून घेता घेता त्यांना असे काही दगड दिसू लागले होते की जे आपल्या मजुरांनी फोडलेले नव्हते. कडा धारदार, दोन्ही बाजूंनी नीट टवके काढलेले, मुठीत बरोबर बसणारे. नदीनाल्याच्या काठी, मुरुमाच्या खाणीत, कुठे कुठे सापडत गेले. नानांनी पुस्तकं मिळवली, चित्रं ताडून पाहिली आणि त्यांची खात्री पटली की हे आदिमानवाचं काम आहे. दुसरा कोणी असता तर थक्क झाला असता. नाना खूश झाले. त्यांना आपल्या खात्यातली जुनी माणसं भेटली होती.

"मास्तर, हेही दगड फोडणारे, आपणही दगड फोडणारे. वर ना मुकादम, ना हजेरी, आणि काम बघा!"

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी संग्रहालय मांडलं. बाहेर पाटी होती, 'आदिमानव वस्तुसंग्रह'. गल्लीत मात्र त्याला दगडखाना म्हणत. टपालवाल्याला नानांचं नाव सांगून घर सापडायचं नाही, दगडखाना म्हटलं की सापडायचं. आत शिरताना चपला बाहेर काढायच्या, कारण थोरल्यांचं घर आहे. आणि समोरच्या भिंतीवर ठळक अक्षरांत दुसरी पाटी: 'येथील प्रत्येक वस्तूला हात लावलाच पाहिजे.'

जगातल्या सगळ्या संग्रहालयांत हात लावू नका म्हणतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"मग ती संग्रहालयं चुकीची आहेत," नाना म्हणाले. "ही वस्तू डोळ्यांसाठी केलेली आहे का? हातासाठी केलेली आहे. हात बघा, दगड नका बघू!"

हे त्यांचं पालुपद. दगड हातात दिला की ते म्हणायचेच. आणि खरोखरच त्यांना दगडात हात दिसायचा. ही कातडं खरवडायची तासणी करणारा उतावळा होता, म्हणून एक टवका जास्त उडाला. हे पातं करणारा म्हातारा, बेताने घाव घालायचा. हा मात्र कामचुकार, मी असतो तर घरी पाठवला असता. मिस्तरीपणाची सवय, दुसरं काय! हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर ते देखरेख करायचे. मला हसू यायचं आणि थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू? माझ्या वर्गातल्या मुलांना मी शिकवलेला एकही राजा इतका ओळखीचा वाटला नसेल.

राजे काढले की मात्र नाना मला सोडत नसत.

"तुमचा इतिहास कुठून सुरू होतो, मास्तर?"

"लिखित पुरावा मिळतो तिथून."

"म्हणजे ज्यांचं नाव कुठेतरी लिहिलंय ती माणसं तुमच्याकडे. ज्यांचं कुठेच लिहिलेलं नाही ती माझ्याकडे. सांगा, गर्दी कोणाकडे जास्त?"

प्रत्येक दगडाला नंबर होता, चिठ्ठी होती. एकदा सतरा नंबर गायब झाला. सतरा म्हणजे एक सुरेख तासणी, नानांचा जीव की प्राण. दोन दिवस घरात शोक. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात सापडली. पुरणाचे मांडे करायच्या खापराला जे करपून चिकटतं ते अक्का तिने खरवडत बसल्या होत्या. मी दारात उभा होतो, म्हटलं आता इथे भांडण पेटणार.

"इतकं साफ दुसऱ्या कशानेच निघत नाही हो," अक्का म्हणाल्या.

नाना त्यांच्या हाताकडे बघत खाली बसले. अक्का सावद्याच्या, केळीच्या बागांत वाढलेल्या, हात चांगले कामाचे. "बसला," नाना हलक्या आवाजात म्हणाले. "मास्तर, बघा, बसला! अंगठा कुठे आलाय बघा!" आणि दिवाणखान्यात जाऊन त्यांनी सतरा नंबरच्या रिकाम्या जागी चिठ्ठी लिहून ठेवली: 'सध्या वापरात आहे. स्वयंपाकघरात विचारावे.'

एक नंबरच्या दगडाला मात्र चिठ्ठी नव्हती. तो वेगळ्या कोनाड्यात, धुतलेल्या कापडाच्या धडप्यावर ठेवलेला असे. दिसायला सगळ्यांत सामान्य, काळा, मुठीएवढा. साऱ्या घरात हात लावायची सक्ती, आणि त्याला मात्र नाना कोणाला हात लावू देत नसत. मी विचारलं की म्हणायचे, "त्याचं अजून नक्की नाही."

आणि संग्रहातली सगळ्यांत भारी वस्तू संग्रहात नव्हतीच. तिचीही एक गंमत आहे.

साक्रीकडे वाघदरी नावाच्या गावाजवळ नाल्यात नानांना एक हातकुऱ्हाड सापडली होती. चांगली वीतभर लांब, दोन्ही कडा सारख्या. नाना तिला 'थोरला' म्हणत. ती त्यांनी बाभळीखाली उभी करून ठेवली आणि पुढचा नाला बघायला गेले. तिथेच त्यांना हुडहुडी भरून ताप आला. लोकांनी गाडीत घालून धुळ्याला आणलं. आठ दिवसांनी उठून बाभळीखाली जातात तर थोरल्याला शेंदूर! पुढे नारळाची शकलं, वर एक झेंडा. गावाने रानात उभा दगड बघितला, कोणी ठेवला कळेना, तेव्हा हा म्हसोबा आपण होऊन आला असं ठरवलं होतं.

नानांनी गावच्या पाटलांना, आबांना, सगळं समजावून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाना, दगड व्हता तधळ तुमना व्हता. आते देव व्हयना, आते गावना शे."

दगड होता तोवर नानांचा, देव झाला आता गावाचा. उलट, देव आणून ठेवणारा म्हणून नाना गावाचे मानकरी झाले. दर वर्षी जत्रेचं निमंत्रण यायचं आणि पहिला नारळ त्यांच्या हातून फुटायचा. शास्त्राचा अभिमानी माणूस, पण निमूटपणे जायचा. "भेट तर होते थोरल्याची," म्हणायचे.

असं सगळं छान चाललं होतं. मग घरमालक आला. माळ्यावर ठेवलेल्या दगडांच्या भाराने खालचा एक लाकडी सरा वाकला होता. मालकाने वर बघितलं, खाली बघितलं आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत एक तर दगड जातील, नाहीतर भाडेकरू जाईल. नाना दोन दिवस जेवले नाहीत. दगड नेणार कुठे? पांझरा नदीच्या पात्रात टाकायचे? मी गावात खटपट केली. शाळेच्या ओळखीने काही वजनदार मंडळींना भेटलो. एका जुन्या, रिकाम्या इमारतीतली मोठी खोली द्यायला ते तयार झाले. अट एकच. पुण्याकडचे एक संशोधक जिल्ह्यात फिरतीवर येणार होते. त्यांनी संग्रह तपासून अस्सल म्हणून लिहून दिलं पाहिजे. म्हणजे सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं.

नाना कामाला लागले. दगड धुतले, चिठ्ठ्या नव्या केल्या. पण थोरल्याशिवाय संग्रह म्हणजे नवऱ्यामुलाशिवाय वरात, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी भीत भीत वाघदरीला निरोप पाठवला, एका दिवसापुरता देव द्याल का?

गावाने बैठक घेतली. आबांचं उत्तर आलं, "देवले बी त्याना भाऊबंद देखू द्या."

संशोधक साहेब सकाळी आले. तरुण होते, सडपातळ, डोक्यावर साहेबी टोपी, खिशात भिंग. नानांनी सवयीने हात मागितला, दगड ठेवला, बोटं मिटवली. मी मनात म्हटलं, नाना, आज नका! पण नानांचा चेहरा उजळला. "तुम्ही जगला असता," ते म्हणाले. साहेब हसले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मात्र काम सुरू होताच साहेब कडक झाले. हात लावायची पाटी बघून त्यांना धक्काच बसला. "ही आधी काढा." नाना म्हणाले, "काढतो." चिठ्ठ्यांवरचे उतावळा, कामचुकार असले शेरे चालणार नाहीत. "नाही लिहिणार." सतरा नंबर स्वयंपाकघरातून परत आणा. नानांनी आत बघितलं. अक्कांनी खापर बाजूला ठेवून तासणी धुऊन आणून दिली, चेहरा असा की दागिना गहाण टाकतेय. नाना प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. इतका गरीब झालेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता, मला वाईट वाटलं.

तेवढ्यात गल्लीत डफ वाजला. बघतो तर बैलगाडी, गाडीत आंब्याची डहाळी बांधलेली, मधोमध घोंगडीवर म्हसोबा, बाजूला आबा पाटील आणि मागे चालत दहा-बारा माणसं. दोन दिवसांचा रस्ता करून आली होती. सगळी गल्ली बाहेर पडली. बाया आरत्या घेऊन आल्या. आमच्या गल्लीच्या इतिहासात म्हणा, नाहीतर नानांच्या म्हणा, देव संग्रहालय बघायला आल्याचा हा पहिलाच प्रसंग.

साहेब बूट चढवून, भिंग घेऊन पुढे सरसावले. आबांनी हात आडवा केला.

"साहेब, बूट काढा. आन् पहिले नारळ."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. साहेबांनी बूट काढले, पायरीवर नारळ फोडला आणि अनवाणी गाडीशी जाऊन वाकले.

"पोटले हात लावा, तोंडले नका लावू," आबा म्हणाले.

"तोंड कुठलं?"

यावर वाघदरीकरांत एकमत होईना. तिघांनी तीन बाजू दाखवल्या. शेवटी जिथे शेंदूर पोचला नव्हता त्या तळाशी साहेबांनी भिंग लावलं. एकेक टवका निरखला. मग उठून म्हणाले, "अस्सल आहे. इतकी सुंदर हातकुऱ्हाड मी या भागात पाहिली नाही."

"आमी तं कधळनं सांगी ऱ्हायनूत," आबा म्हणाले आणि डफ पुन्हा सुरू झाला.

आता काही उरलं नाही असं मला वाटलं. अक्कांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, त्यांचा वास येत होता. साहेबांनी कागद पुढे घेतला, लेखणी काढली, आणि त्यांची नजर एक नंबरच्या कोनाड्याकडे गेली. नाना काही म्हणायच्या आत त्यांनी तो दगड उचलला.

"हा काढावा लागेल," साहेब म्हणाले. "ही रस्त्याची खडी आहे. लोखंडी हातोडीचे घाव आहेत. चाळीस-पन्नास वर्षांपलीकडची नाही. अशी भेसळ दिसली तर बाकीच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"तो नाही निघणार," नाना म्हणाले.

सकाळपासून पहिल्यांदा नाही म्हणाले होते. माझं डोकंच तापलं. "अहो नाना! एका खडीसाठी सगळं घालवता? तुम्ही मिस्तरी, खडी ओळखत नाही का?"

"खडीच आहे ती. मला ठाऊक आहे." नाना साहेबांकडे वळले. "साहेब, काढा म्हणालात ते ऐकलं. पण एकदा हात बघून सांगा. फोडणारा कसा होता?"

साहेब जरा वैतागले. पण जाणकार माणसाला दगड हातात आला की राहवत नाही. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवला. "घाव उलट्या बाजूने आलेत. डावखुरा असणार. उजव्या हातात दगड, डाव्यात हातोडी. हातोडी हलकी. बहुतेक बाईमाणूस असावी. आणि हे तीन घाव वाया गेलेत. दमलेली असणार, किंवा उपाशी."

नाना साहेबांच्या अगदी जवळ सरकले.

"डावखुरी," ते म्हणाले. "बाई. नक्की ना, साहेब?"

"हो. पण का?"

मग नानांनी सांगितलं. ते सात वर्षांचे असताना मोठा दुष्काळ पडला. बाप आधीच गेलेला. साक्रीच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं, तिथे आई खडी फोडायला बसली. डाव्या हाताने हातोडी मारायची म्हणून बाकीच्या बाया हसायच्या, तीही हसायची. त्याच कामावर पटकीची साथ आली आणि आई गेली. एका मुकादमाने पोराला वाढवलं, पुढे खात्यात चिकटवलं. बऱ्याच वर्षांनी त्याच मैलावर नानांची बदली झाली, रस्ता उकरायचं काम निघालं. खालच्या थरातून डोंगराएवढी खडी वर आली. नाना रोज संध्याकाळी त्या ढिगात बसून एकेक दगड बघायचे. शेवटी उलट्या बाजूने घाव घातलेला हा एक सापडला.

"तिचा दगड शोधायला म्हणून बघायला शिकलो, साहेब. त्यात हे बाकीचे थोरले भेटत गेले. पण हा तिचाच का, हे सांगणार कोण? मी तिचा पोरगा, मला काहीही दिसेल. तुम्ही परके. तुम्ही सांगितलंत. आता तुम्ही संग्रह बाद केलात तरी चालेल, माझं काम झालं."

आणि नाना चक्क हसत होते. डोळे पुसत होते आणि हसत होते. दारात आबांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं होतं. मघाशी ओरडलो त्याची मला इतकी लाज वाटली की मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

साहेबांनी दगड परत धडप्यावर ठेवला. मग कागद ओढला. "एक नंबर मी वेगळा दाखवतो. रस्त्याची खडी, दुष्काळी काम. भेसळ नाही, स्पष्ट नोंद. फोडणारीचं नाव काय लिहू?"

नानांनी एक नंबरवरून अंगठा फिरवला.

"मी तिला माय म्हणायचो," ते म्हणाले. "बाकीचे सगळे काशिनाथनी माय म्हणायचे. नाव मी कधी ऐकलंच नाही. मोठा झाल्यावर विचारायला गेलो तर सांगणारं कोणी उरलं नव्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणून तर माझ्याकडे ठेवलीय, मास्तर. तुमच्याकडे तिला जागा नव्हती."

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. एक: रस्त्याची खडी. फोडणारी, काशिनाथनी माय. आणि त्याखाली बाकीच्या साऱ्या वस्तू अस्सल असल्याचा शेरा, सही, तारीख.

मग जी जेवणं झाली ती विचारू नका. म्हसोबाला नैवेद्य दाखवला, साहेबांनी भरीत तीनदा मागून घेतलं, आणि अक्कांनी सतरा नंबर तासणी हळूच परत आत नेली. ते साहेबांनी पाहिलं, आणि ताटाकडे बघत जेवत राहिले.

दिवाळीच्या आधी संग्रह नव्या खोलीत गेला. तिथे साहेबांच्या सांगण्याप्रमाणे सगळीकडे पाट्या लागल्या, हात लावू नये. वर्गातली मुलं घेऊन मी पहिल्याच दिवशी गेलो. नाना दारातच उभे होते. मुलांना त्यांनी आत सोडलं आणि मला थांबवून माझा उजवा हात मागितला.

"नाना, हा हात बाद झालेला आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझं मनगट धरलं. तळवा उताणा केला, त्यावर एक नंबर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. काळा, मुठीएवढा दगड. त्याची एक कड माझ्या अंगठ्याखाली चांगलीच बोचत होती. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते, सात वर्षांच्या पोराने बघावं तसे.

"बसला का, मास्तर?"

"बसला, नाना," मी म्हणालो. "अगदी बरोबर बसला."